मिटलेले डोळे दाखवायचे नाहीत

आठवड्याचे सहा दिवस ती पार्लरवाली आणि रविवारी तीन नंबर. पार्लरवाली, कारण चौकाच्या कोपऱ्यावर तिचं केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा आणि एक म्हातारा ड्रायर, जो सुरू केला की शेजारच्या औषधाच्या दुकानातला रेडिओ खरखरायला लागायचा. आणि तीन नंबर, कारण चर्चमधली उपासना लाइव्ह जायची तेव्हा हातात धरून फिरवायचा कॅमेरा तिच्याकडे असायचा. हेडफोनमध्ये माणसांना नावं नसतात, आकडे असतात. तीन, पुढे हो. तीन, थांब. तीन, झकास. आजारी, म्हातारी, परगावी गेलेली सगळी माणसं घरबसल्या फोनवर उपासना बघायची, आणि जे काही जवळून, नीट, डोळ्यांत भरेल असं दिसायचं ते हिच्या हातचं असायचं.

हात होतेच तसे तिचे. दिवसभर खांद्याच्या वर उचलून कात्री चालवणारी बाई, तिला कॅमेऱ्याचं काय ओझं? तिच्याआधी तो कॅमेरा धरणारे दोन गीतं झाली की दंड चोळत बसायचे. ही उपदेश संपेपर्यंत हलायची नाही. वर आणखी एक फायदा. मंडळीतल्या निम्म्या डोक्यांना तिची कात्री लागलेली, त्यामुळे पाठमोरी माणसंसुद्धा ती मानेवरून ओळखायची.

पाळक तर व्यासपीठावरून तिचं कौतुक करायचे. एवढा धंदा सांभाळून, संसार सांभाळून दर रविवारी ही भगिनी सेवेला हजर, केवढी ही भक्ती! भक्ती कसली डोंबलाची. ती सूड घ्यायला आली होती. अगदी ठरवून, शांत डोक्याने, हातात कॅमेरा घेऊन.

सूड कोणाचा, तर मुकादमाचा. मुकादम म्हणजे चर्चच्या गॅलरीतल्या काचेच्या केबिनमध्ये बसून कॅमेऱ्यांना हुकूम सोडणारा माणूस. कोणता कॅमेरा केव्हा दाखवायचा ते त्याच्या बोटांत. स्वतः कधी एक वायरसुद्धा उचलायचा नाही, सगळं दुसऱ्यांकडून करून घ्यायचा, म्हणून मुकादम. सासरा चर्चचा जुना पंच, कारभार बघणाऱ्यांतला, त्यामुळे जावयाला बोलायची कोणाची टाप नव्हती.

झालं होतं असं की पार्लरवालीचा नवरा गायचा. गायचा म्हणजे काय, गाण्यावाचून त्याला घास उतरत नसे. कुरियरची गाडी चालवायचा आणि गाडीत गायचा. सिग्नलला शेजारच्या गाडीतली माणसं काच खाली करून ऐकायची. घरात भांडी विसळताना गायचा, दाढी करताना गायचा, बायकोशी भांडण झालं की तोंडाने बोलायचा नाही पण गायचा थांबायचा नाही, आणि मग ती हसून भांडण सोडून द्यायची. चर्चच्या गायकवर्गात एकट्याने म्हणायची कडवी त्याच्याकडे असत. डोळे मिटून म्हणायचा. डोळे उघडे असले की लोक दिसतात, म्हणायचा, आणि लोक दिसले की सूर पळतो.

एका रविवारी त्याला सर्दी होती. ती म्हणाली, अहो, आज नका गाऊ. हा ऐकतो कसला! वरच्या सुराला गेला आणि आवाज फाटला. फाटला तर फाटला, माणसाचा गळा आहे, लोखंडाची नळी नाही. त्याने खाकरून पुढची ओळ धरली, परत फाटला. आणि तेवढा सगळा वेळ त्याचा मिटल्या डोळ्यांचा, उघड्या तोंडाचा, कपाळावर घाम आलेला चेहरा पडदाभर दिसत राहिला.

आता इथे त्या चर्चचा एक नियम सांगायला हवा. कॅमेरे पहिल्यांदा आले तेव्हा जुन्या पाळकांनी एकच अट घातली होती: मिटलेले डोळे दाखवायचे नाहीत. माणूस डोळे मिटतो तेव्हा तो देवासमोर असतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर नाही. तेव्हा त्याचं तोंड कसंही होतं, वाकडंतिकडं, रडवेलं, वेडगळ, आणि ते बघायचा हक्क घरी चहा पीत बसलेल्यांना नाही. म्हणून डोळे मिटले की कॅमेरा वर क्रुसाकडे, नाहीतर फुलांकडे, नाहीतर खिडकीच्या रंगीत काचेकडे. कॅमेरा धरायला शिकणाऱ्याला बटणं नंतर दाखवायचे, हे आधी सांगायचे.

आणि मुकादमाने तोच नियम मोडला. चुकून नाही, खुशाल. हे तिला कळलं घड्याळवाल्या काकूंकडून. घड्याळवाले काका तेव्हा दोन नंबरचा कॅमेरा सांभाळायचे, आणि काकू महिन्याला केस रंगवायला पार्लरमध्ये यायच्या. डोक्याला रंग लावून बसलेली बाई उठून जाऊ शकत नाही, आणि गप्पही बसू शकत नाही. त्यांनी सांगून टाकलं. ह्यांनी आपल्या कानांनी ऐकलं म्हणे. काकांनी कॅमेरा वळवायला घेतला तसा मुकादम हेडफोनमध्ये हसत म्हणाला, दोन, सोडू नका, अजून जवळ जा, मजा येतेय.

एवढ्यावर भागलं असतं तरी तिने कदाचित गिळलं असतं. पण मुकादमाने तो तुकडा कापला, फाटलेल्या सुराच्या जागी कोंबड्याची बांग चिकटवली आणि आपल्या मित्रांना पाठवला. मित्रांनी त्यांच्या मित्रांना. आठवडा संपायच्या आत कुरियरवाला सगळ्या भागात कोंबडा झाला. पार्सल द्यायला गेला की वरच्या मजल्यावरून बांग. सिग्नलला बांग. पार्लरमध्ये एक गिऱ्हाईक फोन बघत खिदळली, तिने आरशातून पाहिलं तर फोनमध्ये आपलाच नवरा. त्या गिऱ्हाइकाच्या कपाळावरच्या केसांची झालर त्या दिवशी जरा जास्तच वर गेली, आणि तिने ती जाणूनबुजून वर नेली होती.

ती तडक गेली मुकादमाकडे. तो चर्चच्या पायऱ्यांवर उभा होता, दात कोरत. तिने विचारलं, हे काय केलंत? तो अजिबात ओशाळला नाही.

"वहिनी, लाइव्ह म्हणजे लाइव्ह," तो म्हणाला. "जे झालं ते दिसलं. त्यात माझा काय दोष? आणि कोंबड्याचं म्हणाल तर गंमत हो. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

नवऱ्याने मनाला लावून घेतलंच. गायकवर्ग सोडला. गाडीतलं गाणं बंद, भांड्यांजवळचं बंद. दर रविवारी चर्चला यायचा, तो चुकवायचा नाही, पण मधल्या वाटेच्या टोकाशी, अगदी शेवटच्या बाकावर बसायचा आणि गीताच्या वेळी पुस्तक उघडून ओठ मिटून उभा राहायचा. घरात भांडण झालं की आता शांतताच. ती शांतता तिला खायला उठायची. आपला माणूस समोर बसलाय, जेवतोय, बोलतोय, आणि तरी घरातून कोणीतरी कायमचं निघून गेलंय असं तिला वाटायचं. रात्रंदिवस एकच गोष्ट डोक्यात: त्या मुकादमाला एकदा तरी असाच पडदाभर दाखवीन. असाच तोंड उघडं पडलेला, घामेजलेला, डोळे मिटलेला. आणि लोकांना हसू देईन.

पण मुकादमाला पकडणार कुठे? तो काचेच्या मागे. सगळ्यांचे चेहरे त्याच्या हातात, त्याचा कोणाच्याच हातात नाही. त्याला धरायचा तर कॅमेरा आपल्या हातात हवा. म्हणून तिने नाव दिलं. मुकादम आधी चपापला. मग त्याला वाटलं, चला, राग गेला वाटतं बाईचा. अशी माणसं फार लवकर स्वतःला माफ करून टाकतात.

आणि गंमत बघा, त्यानेच तिला शिकवलं, आणि मेल्याने शिकवलं फार छान. कोपर बरगडीला टेकव. चालायचं तर गुडघे सैल सोड, टाच आधी टेकव, म्हणजे चित्र उसळत नाही. वळताना श्वास सोड, रोखू नको. काय घडतंय त्याच्याकडे कॅमेरा न्यायचा नाही, काय घडणार आहे तिथे आधी जाऊन थांबायचं. आणि दोन गोष्टी तो पुन्हा पुन्हा बजावायचा. पहिली, मंडळी उभी राहिली की मागचे दोन्ही कॅमेरे आंधळे. ते स्टँडवर ठोकलेले, त्यांना फक्त डोकी दिसतात, तेव्हा सगळं चित्र तीन नंबरवर. दुसरी गोष्ट बोलणाऱ्यांसाठी. वेदीच्या पायरीशी एक टीव्ही तिरका ठेवलेला असायचा, गाणाऱ्यांना गीताचे शब्द दिसावेत म्हणून. गीत नसलं की त्यावर लाइव्ह चित्र यायचं, पण किंचित उशिरा. आपण बोलून मोकळे होतो आणि मग टीव्हीतले आपले ओठ हलतात. तिकडे बघत बोललं की जीभ अडखळलीच म्हणून समजा. त्यामुळे देवाच्या अनुभवाची साक्ष द्यायला उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला मुकादम स्वतः जाऊन सांगायचा: त्या टीव्हीत बघू नका.

ती शिकली. जीव तोडून शिकली, रागाने शिकली, आणि रागाने शिकलेलं माणूस विसरत नाही. मुकादम तिच्यावर खूश. अडलं की तीन, बिघडलं की तीन. वहिनी, तुम्ही आहात म्हणून उपासना बघवते, असं तो चारचौघांत म्हणायचा, आणि ती हसून मान हलवायची, मनात म्हणायची, थांब जरा.

नवऱ्याला तिने मनातलं कधी सांगितलं नाही. तो एवढंच विचारायचा, तुला आवडतं का गं ते काम? ती म्हणायची, आवडतं. कधी कधी तो शेवटच्या बाकावरून तिच्याकडे बघत राहायचा. कॅमेरा खांद्याला लावून वाटेतून मागे मागे येणारी बायको बघून त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलायचं. तिला ते दिसायचं, पण तेव्हा ती कामात असायची.

आणि मग तो दिवस आला. सासरा थकला आणि जावयाला पंच नेमायचं ठरलं. त्या चर्चची रीत अशी की नव्या पंचाने सगळ्या मंडळीसमोर उभं राहून प्रतिज्ञा म्हणायची, पाठ म्हणायची, हातात कागद धरायचा नाही. ती म्हणत असताना मंडळी उभी राहते. प्रतिज्ञा झाली की एक जुनं गीत, सगळ्यांना येणारं, आणि आशीर्वाद.

मंडळी उभी राहते. हे ऐकलं मात्र, पार्लरवालीच्या हातातली कात्री गिऱ्हाइकाच्या कानाशी थांबली. मंडळी उभी म्हणजे मागचे दोन आंधळे. म्हणजे मुकादम काचेच्या बाहेर, उजेडात, आणि त्याला बघणारा डोळा एकच. तिचा.

त्या रविवारी केबिनमध्ये मुकादमाच्या जागी घड्याळवाले काका बसले. बिचारे सकाळपासून कासावीस. बटणांवर त्यांनी चिकटपट्ट्या लावून आकडे लिहिले होते. मुकादम नवा कोट घालून आला, दाढी गुळगुळीत, आणि जाता जाता तिला हळूच सांगून गेला की वहिनी, डावीकडून घ्या, उजवा गाल जरा सुजलाय, दाढ दुखतेय. तिने मान डोलावली आणि उजवीकडे जाऊन उभी राहिली.

पाळकांनी त्याला पुढे बोलावलं. मंडळी उभी राहिली. काकांचा आवाज तिच्या कानात आला, एक गेला, दोन गेला, तीन, आता सगळं तुझ्यावर. ती मधल्या वाटेत, पहिल्या बाकाशी, त्याच्या उजव्या गालाच्या अंगाला. कोपर बरगडीला, गुडघे सैल. मुकादमाने घसा साफ केला आणि सुरुवात केली. पहिलं वाक्य खणखणीत. दुसरंही. आणि तिसऱ्याला, इतक्या वर्षांची सवय, त्याची नजर खाली टीव्हीकडे गेली. चित्र बरं आहे ना, हे बघायला गेली! साऱ्या जगाला टीव्हीत बघू नका म्हणून सांगणारा माणूस, पण पडदा दिसला की त्याच्याच्याने बघितल्याशिवाय राहवेना. त्यात त्याला दिसला स्वतःचा सुजलेला उजवा गाल, पडदाभर, आणि मागून हलणारे ओठ.

तो अडखळला. परत सुरुवात केली. परत टीव्हीकडे बघितलं. मग शब्द जे गेले ते गेलेच. तोंड उघडं, आवाज नाही. कपाळावर घाम. पाळकांनी पुढे वाकून हळूच एक शब्द सांगितला, तो त्याच्या डोक्यात शिरला नाही. चर्चमध्ये एवढी शांतता की कोणाच्या तरी पिशवीची चेन वाजली ती सगळ्यांना ऐकू आली. आणि मग मुकादमाने डोळे मिटले. गाल थरथरायला लागले आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

नियम काय म्हणतो? कॅमेरा वर, क्रुसाकडे. ती दोन पावलं पुढे गेली. अजून जवळ. सोडू नको. आनंद तिच्या अंगात मावत नव्हता, पण हात दगडासारखे होते. बघा रे, बघा सगळ्यांनी. हा तो. घे आता. असं ती मनातल्या मनात म्हणत होती, एकेक शब्द चावून.

तेवढ्यात मागून गाणं सुरू झालं.

प्रतिज्ञेनंतरचं ते जुनं गीत. वाद्य नाही, साथ नाही, एकच आवाज. सगळ्यांच्या अंगावरची ती मेलेली शांतता कोणीतरी उचलून बाजूला केली होती. पहिल्या शब्दाला तिने ओळखलं. छे, पहिल्या शब्दाआधी, त्याने घेतलेल्या श्वासाला ओळखलं. भांडी विसळताना, दाढी करताना, भांडण झाल्यावर ऐकलेला आवाज. मंडळीचं गाणं टिपायला छताला माइक टांगलेले होते, त्यातला एक नेमका शेवटच्या बाकावर होता, त्यामुळे तो तिच्या दोन्ही कानांत भरून आला.

"तीन," काका म्हणाले. "तीन, मागे वळ. तुझा माणूस गातोय गं. अख्खी वाट मोकळी आहे, नुसती वळ."

नुसतं वळायचं होतं. श्वास सोडायचा आणि वळायचं. वाटेच्या त्या टोकाला तो उभा असणार होता. पण मुकादमाचे डोळे अजून मिटलेले होते, नाकाचा शेंडा लाल झाला होता, ओठ लहान मुलासारखा बाहेर आला होता, आणि या एका चित्रासाठी तिने किती रविवार दातओठ खात काढले होते. वळले तर हा सुटेल. आणखी थोडं, तिने मनात म्हटलं. हे कडवं होऊ दे. याला आणखी थोडा भाजू दे.

"पोरी, वळ ना," काका म्हणाले.

ती वळली नाही. कडवं संपलं. वरचा सूर आला, तोच, आणि तो फाटला नाही. मग सगळी मंडळी गायला लागली आणि तो एक आवाज त्या आवाजांत मिसळून गेला. मुकादमाने डोळे उघडले, पुसले, आणि गीतानंतर पाळकांच्या मागोमाग एकेक वाक्य म्हणत प्रतिज्ञा पुरी केली. तिने कॅमेरा खाली घेतला तेव्हा तिचे खांदे पहिल्यांदाच दुखत होते.

आता लोक हसतील, तिने वाट बघितली. सोमवारी पार्लर उघडलं आणि पहिलीच गिऱ्हाईक फोन घेऊन आली. डोळे पुसत. अगं, बघितलंस का? केवढा भरून आला तो माणूस! शब्दच फुटेना बिचाऱ्याला. आणि मागे ते गाणं! अंगावर काटा आला बाई. दुसरीने बघितलं, तिसरीने बघितलं. जिकडेतिकडे तोच तुकडा, आणि एकही बांग नाही. मिटल्या डोळ्यांतून ओघळणारं पाणी आणि मागून तो आवाज. असं चित्र जमवायला दुसऱ्याने महिनाभर तयारी केली असती. मुकादम एका दिवसात साधू झाला. ज्यांनी त्याला कधी धड नमस्कार केला नव्हता ते वाट वाकडी करून त्याला भेटायला लागले.

तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मेल्याला शब्द आठवले नव्हते हो! स्वतःचा गाल बघून घाबरला होता तो! पण सांगणार कोणाला?

बुधवारी तो स्वतः पार्लरच्या दारात आला. गिऱ्हाइकांसमोर हात जोडून उभा राहिला, आणि डोळे परत भरलेले. आता ते भरायची त्याला सवय लागली होती.

"वहिनी, तुम्ही शॉट सोडला नाहीत," तो म्हणाला. "दुसरं कोणी असतं तर वर क्रुसाकडे गेलं असतं. तुमच्यामुळे किती लोकांना तो क्षण मिळाला. आणि काकांनी रेकॉर्ड पण काय वेळेवर लावलं. कोणाचा आवाज हो तो?"

तिच्या हातात ड्रायर होता. तो त्याच्या डोक्यात घालावा असं तिला मनापासून वाटलं.

"रेकॉर्ड नव्हतं," ती म्हणाली. "माझा नवरा गात होता."

"असं?" मुकादम म्हणाला. "दिसला नाही."

आणि खरंच, कोणाला दिसणार? चर्चमध्ये मागच्या चार बाकांवरच्यांना ठाऊक, काकांना ठाऊक. बाकी सगळे त्या वेळी पुढे बघत होते, आणि घरी बसलेल्यांना तिने जे दाखवलं तेच दिसलं. ज्यांनी कोंबडा म्हणून दात काढले होते ते त्याच आवाजावर डोळे पुसत होते आणि आवाज कोणाचा हे त्यांच्या गावीही नव्हतं. लाइव्ह म्हणजे लाइव्ह. परत काढायची सोय नाही.

ती दुकान लवकर बंद करून घरी गेली. नवरा स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केलेला. रविवारची उपासना लावली होती त्याने. नेमकी तीच जागा. मुकादमाचा चेहरा आणि याचा आवाज. ती दारात उभी राहिली. कडवं संपलं तसं त्याने बोटाने मागे नेऊन परत लावलं. किती वेळा लावलं होतं कोणास ठाऊक.

ती त्याच्या समोर बसली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. कॅमेरा का धरला, कोणासाठी धरला, काय दाखवायचं होतं आणि काय झालं. त्या माणसाला शिव्या दिल्या, जेवढ्या येत होत्या तेवढ्या. अहो, तुमच्यासाठी केलं हे सगळं, ती म्हणाली. तुमच्या कोंबड्याचा बदला घेत होते मी.

तो ऐकत होता. रागावला नाही. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"मी कशाला गायलो माहितीये?" तो म्हणाला. "त्याची दया आली म्हणून नाही. तो गप्प झाला, तेव्हा मला वाटलं, आत्ता गायलो तर ती मला घेईल. कॅमेरा तुझ्या हातात होता ना."

तिने तांब्याला टेकवलेल्या फोनकडे बघितलं.

"मी डोळे मिटले नाहीत," तो म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा उघडे ठेवून गायलो. सगळे दिसत होते, सूर जाईल अशी भीती वाटत होती, तरी मिटले नाहीत. म्हटलं, मिटले तर तुला दाखवता यायचं नाही. पूर्ण कडवं तुझ्या पाठीकडे बघत होतो."

फोनमध्ये मंडळी गायला लागली होती. त्याने फोन उचलून बंद केला, तांब्या उचलून जागेवर ठेवला, आणि उष्टी भांडी विसळायला घेतली. ती टेबलाशी बसून ऐकत राहिली. नळाचं पाणी पडत होतं, भांडं भांड्याला लागत होतं, आणि बाकी काही नव्हतं.